सकाळची ही आणि संध्याकाळची ही: आमच्या घरातली डिप्रेशनची एक केस

आधी सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. साखर कारखान्यात लॅबला केमिस्ट आहे, बावीस वर्षं नोकरी झाली. ही केस माझ्या बायकोची आहे. तिने पूर्ण वाचलीय, दोन ठिकाणी कात्री लावलीय आणि मग हो म्हणालीय. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात, आजाराच्या गोष्टी बदललेल्या नाहीत. गोळ्यांची नावं आणि डोस मुद्दाम लिहीत नाही, कारण आपल्याकडे लोक नाव वाचून मेडिकलमधनं आणतात, मीच आणल्या असत्या.

कोण, कुठं

हिचं वय तेव्हा ४१. प्राथमिक शाळेत शिक्षिका, गणित हिच्याकडे. पोरं गणिताला घाबरायची पण हिच्या तासाला नाही. आम्ही सांगली जिल्ह्यातले, घरात मी, ही, माझी आई, मोठी पोरगी तेव्हा बारावीला आणि पोरगा सातवीत. दीड एकर ऊस आहे तो भावकीतला एकजण वाट्याने करतो. हिला आधी कधी असलं काही झालेलं नव्हतं. माहेरी मात्र एक आत्या होती, सगळे तिला 'वेडी आत्या' म्हणायचे, माडीवर भिंतीकडं तोंड करून बसून असायची, चार चार दिवस जेवायची नाही. हे मला लग्नानंतर एकोणीस वर्षांनी कळलं, तेही डॉक्टरांनी खोदून खोदून विचारल्यावर. असले आजार घराण्यात असले तर धोका वाढतो म्हणून ते विचारतात, पण लग्न जमवताना आपण शुगर सांगतो, हे सांगत नाही.

मे २०२१ ला कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हिचे वडील गेले. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. ही रडली नाही. खंबीर आहे बघा म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं, मीपण केलं.

सुरुवात, जी मला सहा महिने दिसली नाही

आता मागं वळून बघितलं तर जून २०२२ पासून. वह्या तपासायला वेळ लागायला लागला, एकच वही दोन-दोनदा, तीन-तीनदा. पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची आणि मग ही तशीच पडून पंख्याकडं बघत. भाकरी थापता थापता मध्येच थांबायची, तव्यावरची जळून वास सुटेपर्यंत. बोलणं इतकं हळू झालं की एक प्रश्न विचारला की उत्तर यायच्या आत मी दुसरा प्रश्न विचारलेला असायचा आणि मग चिडलेलोही असायचो. वजन ५८ चं ५१ झालं, ब्लाऊज सगळे सैल.

मला आधी वाटलं थकवा आहे, मग वाटलं पाळी जायची वेळ आली असेल, मग वाटलं बापाचं दुःख उशिरा बाहेर पडतंय, आणि खरं सांगायचं तर एक दिवस असंही वाटलं की नाटक करतीय. असं वाटायचं कारण सांगतो, ते महत्त्वाचं आहे आणि मला ते कुणीच सांगितलं नव्हतं.

सकाळी सहा ते बारा ही दगड असायची. अंथरुणातनं उठायला तास, दात घासायला तास, डोळ्यात काही नाही. दुपारनंतर थोडं थोडं सुटायचं आणि संध्याकाळी सहा-सातला चहा करायची, कुणी आलं तर बसा म्हणायची, क्वचित हसायचीसुद्धा. आता पाहुणे येतात कधी? संध्याकाळी. हिचा भाऊ, शेजारच्या काकी, शाळेतल्या बाई, सगळे संध्याकाळी यायचे आणि जाताना मला दारात बाजूला घेऊन म्हणायचे, काही नाही हो, चांगली तर आहे, तुम्हीच जास्त विचार करताय. माझी शिफ्ट चार ते बारा असली की मी फक्त सकाळची बघायचो, आठ ते चार असली की फक्त संध्याकाळची. त्यामुळे माझं मत दर आठवड्याला शिफ्टप्रमाणे बदलायचं! पुढं डॉक्टरांनी सांगितलं की सकाळी जास्त आणि दिवस चढेल तसं कमी हे तीव्र डिप्रेशनचं एक ओळखीचं लक्षण आहे, पहाटेची जागसुद्धा त्यातलीच. म्हणजे मी ज्याला नाटकाचा पुरावा समजत होतो तो आजाराचा पुरावा निघाला.

मग तांदळाचं प्रकरण झालं. शालेय पोषण आहाराच्या रजिस्टरला दोन किलो तांदळाचा फरक येत होता. कुठल्याही शाळेत येतो, पोतं सांडतं, उंदीर आहेत, वजनकाटा मागंपुढं होतो. हिने तो मनाला लावून घेतला. पहिली ते पाचवीच्या एका पोराला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे दोन किलो म्हणजे वीस पोरांचं एका दिवसाचं जेवण. "वीस पोरांचं जेवण मी खाल्लं" असं ही म्हणायला लागली. गणित बरोबर होतं, बाकी सगळं चूक. मी दुकानातनं पाच किलो तांदूळ आणून शाळेत देऊन आलो, मुख्याध्यापक म्हणाले अहो कशाला, बाईंनी काही केलेलं नाही. घरी येऊन सांगितलं फिटलं सगळं. ही म्हणाली, "तुम्हाला फसवतायत, माझ्यावर चौकशी बसलीय." तिथं माझ्या लक्षात यायला हवं होतं की हे पटवून देण्याच्या पलीकडं गेलंय. मी पुढचे पंधरा दिवस पटवून देत बसलो, कागद दाखवले, हिशोब मांडले. एकदाही उपयोग झाला नाही.

काय काय केलं

आईने दृष्ट काढली, नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो, एका देवऋषाकडंही आई घेऊन गेली, मी अडवलं नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आणि बी-१२ कमी निघालं, थायरॉईड नॉर्मल. इंजेक्शनं झाली, रक्त सुधारलं, ही नाही. हे तपासणं चूक नव्हतं, थायरॉईड किंवा बी-१२ मुळं असलीच लक्षणं येऊ शकतात. चूक ही की ते भरून काढल्यावरही आम्ही तिथंच दोन महिने घुटमळलो.

आणि गणपतीपुळे. सगळ्यांनी सांगितलं जरा बाहेर घेऊन जा, मन रमेल, म्हणून २०२२ च्या दिवाळी सुट्टीत, हंगाम सुरू व्हायच्या आधी, पोरांना घेऊन तीन दिवस गेलो. ही तीन दिवस खोलीत. पोरं समुद्रात आणि मी दारात. परत येताना गाडीत म्हणाली, "माझ्यावर आठ हजार वाया गेले, वर तुमचीही सुट्टी गेली." ज्याला आनंद होण्याची यंत्रणाच बंद आहे त्याला आनंदाच्या जागी नेलं की तो फक्त एवढंच मोजतो की आपल्याला आनंद होत नाहीये. पाय मोडलेल्याला गड चढायला नेण्यातला प्रकार.

नोव्हेंबर संपताना सायकियाट्रिस्टकडं गेलो. गावात कळू नये म्हणून मिरजेला, तिथं दवाखान्यांची कमी नाही आणि कोण कशाला आलंय ते कुणी विचारत नाही. नऊ प्रश्नांची एक चाचणी घेतली, पीएचक्यू-९ म्हणतात, २७ पैकी मार्क असतात आणि २० किंवा त्याच्या वर गेलं की तीव्र. हिचे २३. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. डॉक्टरांनी तो कागदावर सोडून दिला नाही, तोंडाने सरळ विचारला. मी खुर्चीत ताठ झालो, म्हटलं हे काय विचारतायत, उगीच डोक्यात घालतील. ही बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "रोज." मी शेजारी बसलो होतो, एकोणीस वर्षं शेजारीच बसलेला माणूस. डॉक्टर मला नंतर म्हणाले विचारल्याने विचार येत नाहीत, आलेला विचार सांगायला जागा मिळते.

निदान: तीव्र नैराश्य, सोबत अपराधीपणाचा भ्रम, म्हणजे ते तांदळाचं. उशीर झाला म्हणून मला फार लागलं होतं, पण यात मी एकटा नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात डिप्रेशन असलेल्या शंभरातले साधारण ८५ जण उपचाराबाहेर होते. आम्ही सहा महिने त्या ८५ मध्ये होतो.

वही

गोळ्या सुरू झाल्या. पहिला आठवडा मळमळ आणि बेचैनी, फायदा शून्य. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं की त्रास पहिल्या दिवसापासून दिसेल आणि गुण दोन ते चार आठवड्यांनी, पूर्ण अंदाज सहा-आठ आठवड्यांनी. हे आधी सांगितलेलं नसतं तर आम्ही आठव्या दिवशी बंद केल्या असत्या. आणि तरीही बाराव्या दिवशी बंद झाल्याच! सासूबाईंना कुणीतरी सांगितलं की या गोळ्यांची सवय लागते, माणूस झोपूनच राहतो, त्यांनी हिला सांगितलं, हिने मला न सांगता थांबवल्या, मला चार दिवसांनी पाकिटातल्या गोळ्या मोजल्यावर कळलं. परत सुरुवात. तेव्हापासून गोळी माझ्या हातून, पाण्याच्या तांब्यासोबत, रात्री नऊला. मी शिफ्टला असलो की पोरगीकडनं नाही, आईकडनं. पोरीवर ते ओझं टाकायचं नाही हे ठरवलं होतं.

लॅबची सवय म्हणून मी वही केली. रोज एक ओळ: किती वाजता जाग, एकूण झोप, आंघोळ झाली का, किती भाकरी, गोळी, सकाळी चेहरा दहापैकी किती, संध्याकाळी किती. दर रविवारी वजन. डॉक्टरांची ओपीडी संध्याकाळी असायची आणि त्यांनाही पाहुण्यांसारखी संध्याकाळची हीच दिसायची. वही नेली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सकाळची बघितली आणि डोस बदलला.

पण वहीने माझं डोकंही खाल्लं. सकाळी ४ मार्क दिले की दिवसभर मी उडत, दुसऱ्या दिवशी १ की मी पार खाली. मग आमच्या धंद्यातलीच एक गोष्ट आठवली. कारखान्यात उसाची रिकव्हरी, म्हणजे शंभर किलो उसातनं किती किलो साखर निघाली ते, रोज बोर्डावर लिहितात, दोन आकडे असतात, ऑन डेट आणि टू डेट. ऑन डेट म्हणजे त्या दिवसाची, तो आकडा पाऊस, शिळा ऊस, कशानेही हलतो, नवीन केमिस्ट त्याला घाबरतो. जुना माणूस टू डेट बघतो, हंगाम सुरू झाल्यापासूनची सरासरी. हिचीही रिकव्हरी मी टू डेट बघायला लागलो, आठवड्याची सरासरी काढून, आणि मग माझी रात्रीची झोप थोडी परत आली.

हिला ती वही अजिबात आवडायची नाही. एकदा म्हणाली, "मी काय तुमच्या लॅबमधला रस आहे का, दर तासाला सॅम्पल घ्यायला?" त्या महिन्यात एवढं लांब वाक्य ही पहिल्यांदा बोलली होती. मी वाक्य वहीत लिहून ठेवलं आणि वही तिच्यासमोर उघडायची बंद केली.

बोलण्याचं म्हणाल तर माझं निम्मं बोलणं निरुपयोगी होतं. पॉझिटिव्ह विचार कर, पोरांकडं बघ, आपल्याला काय कमी आहे, हे सगळं तिच्या कानात 'तू नालायक आहेस' असंच पोचायचं. चालायला लागलं ते असलं: "भात ठेवू का भाकरी?" काय खाणार असं विचारलं की तिला तो डोंगर वाटायचा, दोनातलं एक सांगता यायचं. "चल फिरायला" नाही, तर "मी कट्ट्यावर बसतोय, दहा मिनिटं ये". आली तर आली. बारा वाजायच्या आत काहीही ठरवायचं नाही, काहीही विचारायचं नाही, आंघोळ दुपारी. आईला हे पटवायला फार जड गेलं, आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात कशी, पण मग आईनेच स्वयंपाक हातात घेतला आणि प्रश्न मिटला.

एकदा ओरडलोही. डबल ड्युटी करून आलो होतो, पोराचा डबा झालेला नव्हता, म्हणालो बाकीच्यांच्याही बायकांचे बाप मेलेत. हे वाक्य मी इथं का लिहितोय माहीत नाही, पण वहीत आहे म्हणून इथंही आहे.

संक्रांत

जानेवारी २०२३ च्या सुरुवातीला ही उठायला लागली. आंघोळ सकाळीच, वेणी नीट. संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला काठापदराची साडी नेसून बसली, तिळगूळ दिला, बायका म्हणाल्या बरी झाली गं बाई. मीपण पेढे वाटायच्या बेतात. मेव्हणी त्याच सुमाराला राहायला आलेली होती, ती तेवढी म्हणाली, दाजी, ही हसतीय पण माझ्याकडं बघत नाहीये. मी दुर्लक्ष केलं.

डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात एक गोष्ट मला एकट्याला सांगितलेली: अंगात ताकद आधी परत येते, आशा मागनं येते, या दोन्हीच्या मधला काळ सगळ्यात धोक्याचा. आधी ज्याला अंथरुणातनं उठवत नव्हतं त्याला आता उठवतं, पण विचार तेच असतात. वस्तू वाटणं, कागद लावून ठेवणं, एकदम शांत होणं, असं काही दिसलं तर थांबू नका.

त्या आठवड्यात मला बारा ते आठ होती. रात्री निघताना ही म्हणाली, एलआयसीचे कागद लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, आणि पाटल्या मोठीच्या नावाने डब्यात वेगळ्या काढून ठेवल्यात, लग्नाला होतील. मला वाटलं वा, संसारात लक्ष घालायला लागली. अकरा किलोमीटर मोटरसायकल मारत गेलो, दोन तास सॅम्पल केले आणि रात्री दोनच्या सुमाराला वही उघडून तो दिवस लिहायला घेतला. चेहरा, संध्याकाळ: ७. एवढे मार्क कधीच दिलेले नव्हते. कागद, पाटल्या, शांत. हातपाय गार पडले.

मेव्हणीला फोन लावला, म्हटलं तिच्याजवळ जाऊन पड, काही विचारू नको, सोडू नको. मग १४४१६ लावला. टेलिमानस, १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने सुरू केलेली हेल्पलाईन, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मला भीती होती की फोन केला की पोलीस येतील. तसं काही नसतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तर कलम ११५ आहे, ज्याने प्रत्यक्ष प्रयत्न केलाय त्यालासुद्धा तो तीव्र तणावात होता असं धरायचं आणि शिक्षा करायची नाही. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, आत्ता एकटी आहे का, घरात धोक्याचं काय काय आहे, डॉक्टर कोण, मी किती लांब आहे. फवारणीची औषधं मी महिन्यापूर्वीच भावकीतल्याच्या वस्तीवर कुलपात ठेवायला दिली होती, गोळ्यांचा डबा आईच्या ट्रंकेत. त्या म्हणाल्या घरी जा, रात्रभर एकटं सोडू नका, सरळ विचारा, सकाळी दवाखान्यात न्या. माझ्या बदली दुसरा केमिस्ट उठून आला, काय झालं विचारलंसुद्धा नाही, त्या माणसाचे उपकार आहेत.

घरी येऊन मी विचारलं. डॉक्टरांनी विचारलं होतं तसंच, सरळ. ही भिंतीकडं बघत होती, खूप वेळाने म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?" आवाजात राग नव्हता. सुटल्यासारखा आवाज होता. पुढं काय बोललो ते हिने कापलंय.

ॲडमिट आणि 'शॉक'

सकाळी ॲडमिट केलं, ही स्वतः सही करून आत गेली. डॉक्टरांनी ईसीटी सुचवली, म्हणजे मेंदूला थोडा विजेचा प्रवाह देऊन करायचा उपचार. मेव्हणा संतापला, शॉक देणार, वेडी करणार. माझ्याही डोक्यात सिनेमातलंच चित्र, हातपाय बांधलेले आणि माणूस तडफडतोय. प्रत्यक्षात रात्रीपासून उपाशी, सकाळी भूल, स्नायू सैल करणारं इंजेक्शन, झटका मेंदूत येतो पण अंग जेमतेम हलतं, अर्ध्या-एक मिनिटाचं काम, अर्ध्या-पाऊण तासात चहा मागते. भूल आणि स्नायूचं औषध न देता ईसीटी करायला २०१७ च्या कायद्याने बंदीच आहे, हे कळल्यावर मेव्हणा गप्प झाला. जेवण सुटलंय, भ्रम आहे, जिवाला धोका आहे अशा डिप्रेशनला ईसीटी लवकर लागू पडते. हिच्या सात झाल्या, सोमवार-बुधवार-शुक्रवार. चौथ्यानंतर सकाळी साडेसहाला हिने माझ्याकडं बघून विचारलं, पोरीची प्रॅक्टिकल झाली का? सकाळी साडेसहाला! मी वॉर्डच्या बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

किंमत नाही असं नाही. त्या दोन-तीन महिन्यांतलं बरंच पुसलं गेलं, गणपतीपुळे हिला आजही नीट आठवत नाही (हे एक बरंच झालं). शेजारणीचं नाव आठवायला आठवडा लागायचा, तेव्हा घाबरायची. नवीन गोष्टी लक्षात राहणं काही आठवड्यांत जागेवर आलं, त्या काळातल्या काही आठवणी मात्र परत आल्या नाहीत. हे आधी सांगितलेलं होतं, लिहून घेतलेलं होतं.

अठरा दिवसांनी घरी. मेडिक्लेम आधी नाकारला, मानसिक आजार बसत नाही म्हणाले. दवाखान्यातल्या क्लार्कनेच सांगितलं की कायद्याचं कलम २१ (४) लिहून परत पाठवा, शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराला विमा द्यायचा असं त्यात आहे. परत पाठवला, दोन महिन्यांनी बराचसा पास झाला. शाळेची परिवर्तित रजा वैद्यकीय दाखल्यावर मिळाली.

आणि राजीनामा. डिसेंबरमध्येच हिने राजीनामा लिहून माझ्याकडं दिला होता, शाळेत देऊन या म्हणून. मी हो म्हणालो आणि कारखान्यातल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. विचारलं की म्हणायचो साहेब रजेवर आहेत. खोटं बोललो, आणि बायकोच्या नोकरीचा निर्णय मी परस्पर दाबून ठेवला हेही खरं. पण आजार त्यावर सही करत होता, ती नाही, असं मला तेव्हा वाटलं. मे महिन्यात तिच्या हातात दिला. वाचला, फाडला, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. या बाबतीत ती अजूनही पूर्ण माझ्या बाजूची नाही.

पोरं, आणि मी

पोरगा एकदा गाडीवर मागं बसून म्हणाला, पप्पा, मी चाचणीत कमी मार्क आणले म्हणून आई अशी झाली का? तोवर आम्ही पोरांना काही सांगितलंच नव्हतं, लहान आहेत म्हणून. त्या रात्री दोघांना बसवून सांगितलं, आईला आजार आहे, त्याचं नाव हे, औषध चालू आहे, तुमच्यामुळे झालेला नाही आणि तुम्हाला तो बरा करायचा नाही. पोरगी रडली, पोरगा जेवला. पोरगीची बारावी साधारणच गेली, त्याचं ओझं कुणी कुणावर टाकलं नाही.

माझं बीपी मार्चमध्ये १६० वर १०० निघालं, गोळी सुरू झाली. कुणी मला वर्षभरात "तुम्ही कसे आहात" असं विचारलं असेल तर ते मिरजेच्या मेडिकलवाल्याने. नवराबायको म्हणून जे असतं ते त्या वर्षात नव्हतंच, त्यात गोळ्यांचाही भाग असतो हे मी लाजून सहा महिन्यांनी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी पर्याय सांगितले. आधी विचारायला हवं होतं. मेव्हणी वीस दिवस राहिली, तेवढ्यात मी रोज सहा तास झोपलो. सासूबाईंचा राग मी धरला होता तो सोडला, गोळ्या बंद करायला लावणारी बाई रोज दवाखान्यात डबा घेऊन एसटीने यायची.

आत्ता

मे २०२३ मध्ये त्याच नऊ प्रश्नांना ७ मार्क आले. १५ जूनला शाळा सुरू झाली, फिटनेसचा दाखला देऊन ही हजर झाली. पोषण आहाराचं रजिस्टर दुसऱ्या बाईंकडं दिलंय, ते हिनेच मागून घेतलं. गोळ्या चालू आहेत. बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने तर सगळ्यांनाच घ्यायच्या असतात, हिचा आजार तीव्र होता आणि घराण्यातही आहे म्हणून डॉक्टर अजून कमी करत नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सलग चार दिवस साडेतीनला जाग आली. या वेळी वही उघडायच्या आत हिनेच मला उठवलं आणि म्हणाली सकाळ परत आलीय. त्यानंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडं, औषध थोडं वाढवलं, तीन आठवड्यांत बसलं. शाळा सुटली नाही.

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून एक कागद केला. त्या २०१७ च्या कायद्यात आगाऊ निर्देश नावाची सोय आहे, शुद्धीत असताना लिहून ठेवायचं की पुढं आजार बळावला आणि ठरवता येईना तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, आणि माझ्यावतीने कोण बोलणार. नोंदणीचं अजून राहिलंय, मसुदा तयार आहे. हिने लिहिलंय ईसीटी चालेल, देवऋषी नको, राजीनामा लिहिला तर नवऱ्याकडं नाही, बहिणीकडं ठेवायचा. आणि नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून माझं नाव नाही, मेव्हणीचं आहे.

मला लागलं, लपवत नाही. एवढं सगळं केल्यावर. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही घाबरलात की माझ्यापासनं लपवता. ती भांडते." मी म्हटलं मग माझं काम काय? "रात्री नऊला गोळी, आणि पाहुण्यांना सकाळी बोलवायचं."

यंदाचा हंगाम सुरू झालाय, या आठवड्यात बारा ते आठ आहे. निघताना हिने विचारलं, वही घेतली का.